बोकाशीचा कोंडा घरी करताना पाणी किती घालायचं? आणि मुरलेला माल फ्लॅटमध्ये कुठे जिरवायचा?

चौथा_मजला

नमस्कार. घरचा ओला कचरा बोकाशी पद्धतीने मुरवायचा आहे. घर ठाण्यात, चौथ्या मजल्यावर. बाल्कनी आहे, अंगण नाही. चार माणसांचा स्वयंपाक, त्यामुळे रोज साधारण किलोभर ओलं निघतं: देठं, सालं, चहाचा चोथा, उरलेला भात-पोळी, मासळीचे काटे आणि कोलंबीची टरफलं. शिजवलेलं आणि मासळी उघड्या मडक्यातल्या खतात चालत नाही, म्हणून बोकाशी निवडली.

पद्धत ढोबळमानाने माहीत आहे. हवाबंद बादली, कचऱ्याच्या प्रत्येक थरावर जिवाणू लावलेला कोंडा, दोन आठवडे मुरवणं आणि मग मातीत घालणं. प्रश्न पुढचे आहेत.

कोंडा घरी करायचा तर एक किलोला पाणी नेमकं किती? कुठे पाव लिटर लिहिलंय, कुठे पाऊण. विकतच्या ईएम (तयार जिवाणूंच्या) द्रावणाऐवजी ताकाची निवळ, जीवामृत, वेस्ट डिकंपोजर किंवा सालांचं बायोएंझाइम वापरलं तर चालेल का? नळाची बादली हवीच का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंगण नसताना तो मुरलेला माल पुरायचा कुठे?

मुरघास

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, म्हणजे बाकीच्या उत्तरांमागची कारणं आपोआप कळतील. बादलीत खत होत नाही. बादलीत होतो तो मुरघास. हिरवा मका कापून, दाबून, हवा काढून बंद केला की त्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि चारा सडायचा थांबतो. बोकाशीत तेच घडतं, फक्त चाऱ्याच्या जागी तुमची देठं आणि काटे असतात. सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) ४ च्या आसपास उतरला की सडवणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. म्हणूनच मासळी चालते. कुजणं नंतर मातीत होतं, आणि तेव्हा हवा लागते.

मुरघास बिघडतो त्याच दोन कारणांनी बोकाशी बिघडते: आत राहिलेली हवा आणि जास्तीचं पाणी. हवा असली की बुरशी येते. पाणी जास्त असलं की आम्ल पातळ होतं, सामू वेळेत उतरत नाही आणि क्लॉस्ट्रिडियम गटातले जिवाणू ब्युटिरिक आम्ल करतात. खवट तूप आणि ओकारी यांच्या मधला तो वास एकदा आला की घरात कुणाला लपवता येत नाही. जिवाणू कमी पडल्यामुळे बिघडणाऱ्या बादल्या फार थोड्या असतात. बहुतेक बादल्या पाण्याने बिघडतात.

आता कोंड्याचं पाणी. लक्ष्य आहे ३५ ते ४० टक्के ओलावा. गव्हाच्या कोंड्यात मुळात साधारण १२ टक्के ओलावा असतो, म्हणजे एक किलोत १२० ग्रॅम पाणी आधीच आहे. त्यात ४०० मिली द्रव घातला तर एकूण १४०० ग्रॅममध्ये ५२० ग्रॅम पाणी, म्हणजे ३७ टक्के. पाव लिटर घातलं तर ३० टक्क्यांच्या खाली राहतं आणि मुरणं अडखळतं. पाऊण लिटर घातलं तर ५० टक्के होतं आणि गोळे धरून बुरशी येते. तेव्हा किलोला ३५० ते ४०० मिली, आणि यात जिवाणूंचं द्रावणही धरायचं. भाताचा कोंडा वापरणार असाल तर ३०० पासून सुरुवात करा, तो कमी पाणी पितो. तूस मात्र नको. ते भाताचं वरचं टरफल, त्यात जिवाणूंना खायला काही नसतं. पशुखाद्याच्या दुकानात 'गहू भुसा' म्हणून जो मिळतो तो गव्हाचा कोंडाच असतो, तो घ्या. फक्त त्यात मीठ किंवा क्षार-मिश्रण मिसळलेलं नाही ना, हे विचारा.

कृती अशी. पाणी नळाचं असेल तर उघड्या भांड्यात रात्रभर ठेवा, क्लोरीन निघून जाऊ दे. कोमट करून त्यात २० ग्रॅम गूळ विरघळवा. काकवी असेल तर उत्तम, ती तेवढीच. परदेशी कृतींमध्ये मळी लिहिलेली असते, पण ती आपल्याकडे किरकोळीत सहज मिळत नाही आणि तिच्यावाचून काही अडतही नाही. पाणी पूर्ण निवल्यावर जिवाणूंचं द्रावण घाला: विकतचं ईएम-१ असेल तर १० मिली, घरचं असेल तर २० ते ३० मिली. परातीत कोंडा पसरून हे पाणी थोडं थोडं शिंपडत दोन्ही हातांनी चोळा. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे, आणि बोटांमधून एक थेंबही गळता कामा नये. थेंब गळला तर कोरडा कोंडा वाढवा, उन्हात ठेवून पाणी उडवत बसू नका.

मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठासून भरा, हवा दाबून काढा, तोंड पिळून बांधा आणि पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवा. उन्हाळ्यात दोन आठवडे, थंडीत तीन. मधे उघडून बघायचं नाही. तयार कोंड्याला आंबूस-गोडसर वास येतो. वर पांढरी कापसासारखी बुरशी असली तर ती चांगलीच. हिरवी-काळी असली तर तेवढा भाग दूर करा, आणि ती आतपर्यंत पोचली असेल तर सगळा घाणा बाद. लगेच वापरणार असाल तर ओलाच चालतो. साठवायचा असेल तर सावलीत कागदावर पातळ पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, वर्षभर टिकेल. मुंबई-ठाण्याच्या हवेत जूननंतर तो वाळतच नाही, म्हणून पावसाळ्याचा कोंडा मे महिन्यात करून ठेवा.

मुरघास

जिवाणूंचं वेगळं लिहितो, कारण इथे बरीच सरमिसळ होते.

ईएम म्हणजे जपानमधल्या ओकिनावातल्या र्‍युक्यू विद्यापीठाचे प्रा. तेरुओ हिगा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आणलेलं मिश्रण. त्यात मुख्यतः लॅक्टिक जिवाणू, यीस्ट आणि प्रकाशसंश्लेषी जिवाणू असतात. यातलं आम्ल करण्याचं काम लॅक्टिक जिवाणूंचं. ते घरी वाढवता येतात, त्यामुळे विकतचं द्रावण नसलं तरी बादली व्यवस्थित चालते.

तांदळाचं पहिलं, दाट धुवण बरणीत अर्ध्यापर्यंत भरा, तोंडाला फडकं बांधा आणि सावलीत ठेवा. उन्हाळ्यात दोन दिवसांत, थंडीत तीन-चार दिवसांत हलका आंबूस वास येतो. वर तरंगणारा तवंग आणि तळाचा गाळ सोडून मधलं पाणी घ्या. त्याच्या दहा पट दूध दुसऱ्या बरणीत घेऊन त्यात हे मिसळा. टोण्ड दूध चालतं, सायीचं घेऊन काही फायदा नाही. झाकण सैल ठेवा. तीन ते पाच दिवसांत वर चोथा तरंगतो आणि खाली पिवळसर निवळ सुटते. ती गाळून घ्यायची, तेच द्रावण. फ्रीजमध्ये काही महिने टिकतं. बाहेर ठेवायचं असेल तर वजनाला वजन गूळ मिसळा. मग कोंड्यात घालताना द्रावण दुप्पट घ्या आणि वेगळा गूळ घालू नका.

ताकाची निवळ थेट वापरली तर काम अगदीच होत नाही असं नाही, पण विरजणातले बरेचसे जिवाणू दुधातल्या साखरेला सरावलेले असतात. धुवणातून येतात ते धान्यावर आणि पालेभाजीवर मुळातच राहणारे, तुमच्या कचऱ्यावर ते जास्त जोमाने चालतात. दुधातून काढतो ते फक्त निवडीसाठी, म्हणजे बाकीचे मागे पडावेत आणि लॅक्टिकवाले उरावेत म्हणून.

जीवामृत नको. ते शेण-गोमूत्राचं, रोज ढवळून हवा देत केलेलं द्रावण. मातीत घालायला छान, पण हवाबंद बादलीत शेणातले जिवाणू नेण्याचं कारण नाही. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय आणि नैसर्गिक शेती केंद्राचं (पूर्वीचं राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्र) वेस्ट डिकंपोजरही इथे नको. ते कुजवण्यासाठी आहे, आणि बादलीत आपल्याला कुजणं थांबवायचं आहे. पालापाचोळ्याच्या ढिगावर जरूर वापरा. सालांचं बायोएंझाइम, म्हणजे १ भाग गूळ, ३ भाग साली आणि १० भाग पाणी, तीन महिने मुरल्यावर बऱ्याच अंशी शिरक्याच्या वळणाचं होतं. फरशी पुसायला ते ठीक आहे. कोंड्यावर लावण्याइतके जिवंत लॅक्टिक जिवाणू त्यात उरत नाहीत.

माठाचा_नळ

बादलीबद्दल. रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या बादल्या सगळ्यात सोयीच्या, कारण त्यांच्या झाकणाला रबराची कडी असते. पाण्यात मिसळायच्या रंगाच्या घ्या, ऑइलपेंटच्या नको. दोन बादल्या एकात एक बसवायच्या. आतल्या बादलीच्या तळाला ५-६ मिलीमीटरची पंधरा-वीस भोकं पाडायची आणि वर मच्छरदाणीच्या जाळीचा गोल तुकडा टाकायचा, नाहीतर भाताची शितं भोकं बुजवतात. बाहेरच्या बादलीला तळाजवळ माठाचा नळ. भोक नळाच्या आट्यांच्या मापाचंच हवं, रबरी वॉशर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे. बसवल्यावर रात्रभर पाणी भरून ठेवा आणि खाली कोरडा कागद अंथरा. सकाळी कागद ओला दिसला तर आत्ताच दुरुस्त करा. नळातून पाणी गळतं तिथून हवाही आत जाते. दोन्ही बादल्यांच्या तळांत चार-पाच सेंटिमीटर जागा राहत नसेल तर मधे अर्धी वीट ठेवा.

असे दोन संच लागतात. चार माणसांच्या घरात दाबून भरलेली एक बादली साधारण दोन आठवडे पुरते आणि मुरायलाही तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे एक भरेपर्यंत दुसरी मोकळी होते.

भरताना तळाला दोन मुठी कोंडा टाकून सुरुवात करा. कचरा दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून घ्या. केळीच्या सालाचे चार भाग पुरेत, पण फ्लॉवरचा दांडा, भोपळ्याची साल आणि कणसाची बुरखुंडं नीट चिरायला हवीत. थर तीन-चार सेंटिमीटरचा, त्यावर एक भरलेली मूठ कोंडा, म्हणजे २५-३० ग्रॅम. थरात मासळी, चिकन, डाळ किंवा पनीर असेल तर दोन मुठी. प्रथिनं सामू लवकर खाली येऊ देत नाहीत, म्हणून तिथे कंजूषी नको. मग पावभाजीच्या मॅशरने दाबायचं. वर जाड प्लास्टिकचा कागद पसरून त्यावर पाणी भरून घट्ट बांधलेली पिशवी ठेवायची. ती कडेपर्यंत पसरते आणि हवा राहत नाही. ताटली ठेवली तर कडेने फट राहते आणि तिथेच काळी बुरशी येते.

बादली दिवसातून एकदाच उघडायची. दिवसभराचं ओलं झाकणाच्या डब्यात, चाळणीवर निथळत ठेवा. आमटी, ताक, उसळीचं पाणी, तळणीचं तेल हे बादलीत घालायचंच नाही. चहाचा चोथा पिळून घाला. कलिंगडाच्या दिवसांत सालांचा पांढरा गर तसाच गेला तर अख्खी बादली पातळ होते. ती सालं चिरून एक दिवस उन्हात सुकवा, नाहीतर सरळ पालिकेच्या ओल्या कचऱ्यात द्या. आंब्याची कोय, करवंटी, नारळाची शेंडी, उसाची चिपाडं आणि मटणाची मोठी हाडं बोकाशीत काही होत नाहीत, नुसती जागा अडवतात. कोंबडीची हाडं आत मऊ पडतात पण मातीत महिनोन्‌महिने राहतात. मासळीचे काटे आणि कोलंबीची टरफलं मात्र लवकर जातात.

बादली भरली की वर तीन मुठी कोंडा, प्लास्टिक, वजन, झाकण. दोन आठवडे सावलीत. मे महिन्यात बाल्कनीच्या उन्हात ठेवू नका. ३० ते ४० अंश या जिवाणूंना मानवतं, पण बंद प्लास्टिकच्या बादलीत उन्हात तापमान त्याच्या बरंच वर जातं.

गच्चीची_माती

@माठाचा_नळ, संच छान सांगितलात, पण फ्लॅटमध्ये नळाचा हट्ट नको असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक तक्रारी नळाच्याच असतात: गळतो, शितांनी तुंबतो, आणि दोन बादल्यांच्या मधे साचलेला रस काढायचा राहिला की तोच सडतो. साधी एकच बादली घ्या. तळाला अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचे तुकडे किंवा कोरडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाच-सहा सेंटिमीटर टाका आणि त्यावर दोन मुठी बोकाशी कोंडा. रस तिथेच शोषला जातो. दर तीन-चार थरांनंतर मूठभर कोकोपीट किंवा फाडलेला वर्तमानपत्राचा कागद टाका. सगळं मिळून मातीत जातं, त्यातली पोषकद्रव्यंही वाया जात नाहीत.

आता खरा प्रश्न, अंगण नसताना जिरवायचं कुठे. माती एका टबात करा. ५० ते ६० लिटरचा टब किंवा क्रेट घ्या. तळाला आणि बाजूंना भोकं हवीतच, कारण या टप्प्यात हवा लागते. बादलीतून साधारण १४ लिटर माल निघतो. त्याच्या दुप्पट, म्हणजे २८-३० लिटर जुनी कुंड्यांची माती घ्या. ती चालू माती हवी, जिच्यात आधी झाड होतं अशी. नुसतं कोकोपीट किंवा पिशवीतलं निर्जंतुक मिश्रण घेऊ नका, कुजवणारे जीव मातीतूनच येतात. तळाला पाच सेंटिमीटर माती टाका. मग माल आणि माती थर न करता चांगली कालवा, ढेकळं फोडा. बहुतेक जण इथेच घाई करतात. न फुटलेलं ढेकूळ आत हवेवाचून तसंच आंबट राहतं आणि महिन्यानंतर खुरपं मारलं की जसंच्या तसं बाहेर येतं. वर पाच-सात सेंटिमीटर कोरडी माती, त्यावर गोणपाट. पाऊस लागू देऊ नका.

पहिले दोन-चार दिवस आंबूस वास जाणवतो, मग जातो. माती थोडी गरम होते. आठवड्यानंतर एकदा खालवर करा. ठाण्याच्या हवामानात तीन-चार आठवड्यांत भात, पोळी, पालेभाजी ओळखू येत नाही. कांद्याची बाहेरची सालं, लिंबाची फोड, अंड्याचं कवच हे थोडं राहतं. ते चाळून पुढच्या टबात टाका.

माती वाढतच जाईल ही भीती नको. ओल्या कचऱ्यात मुळात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे १४ लिटरमागे शेवटी साधारण पाव वाटा उरतो. तयार मिश्रणातली अर्धी माती कुंड्यांत वापरा, अर्धी पुढच्या बादलीसाठी ठेवा. तिच्यातले जीव आता या मालाला सरावलेले असतात, त्यामुळे दुसरी-तिसरी खेप पहिलीपेक्षा लवकर होते.

झाड लावायच्या आधी मेथीने तपासा. वाटीभर मिश्रणात दहा-बारा मेथीदाणे पेरा. पाच-सहा दिवसांत बहुतेक उगवले आणि मुळं पांढरी, सरळ असली तर माती तयार. टोकं तपकिरी पडली किंवा दाणे कुजले तर अजून दोन आठवडे थांबा. आम्ल मारायला चुना टाकू नका. मातीतले जीव ते आम्ल स्वतःच खातात, आणि चुन्याने सामू फार वर गेला तर नत्र अमोनिया होऊन उडतं.

चौथा_मजला

खूपच सविस्तर, मनापासून आभार. विना-नळाची एकच बादली आणि टब असं नक्की करतो आहे. दोन शंका. नळाच्या बादलीतून निघणारा रस पुढच्या कोंड्याला जिवाणू म्हणून वापरतात असं वाचलं, ते बरोबर आहे का? आणि घरात गांडुळांचा छोटा डबा आहे, बोकाशीचा माल थेट त्यात टाकता येईल का?

मुरघास

रस विरजण म्हणून नको. त्यात लॅक्टिक जिवाणू असतात हे खरं, पण कचऱ्यातून आलेलं मीठ, तेल आणि बाकीचे जीवही असतात. प्रत्येक बादलीचा रस वेगळा. धुवण-दुधाचं द्रावण इतकं स्वस्त पडतं की ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

ज्यांच्याकडे नळ आहे त्यांनी रस दर दोन-तीन दिवसांनी काढावा आणि त्याच दिवशी संपवावा, तो साठवत नाहीत. झाडांना द्यायचा तर लिटरभर पाण्यात १० मिली, तोही मातीत, पानांवर नाही. कुंडी छोटी असेल किंवा रोप कोवळं असेल तर त्याच्या निम्मा. रोज द्यायचं नाही, क्षार साचतात. कच्च्या खायच्या पालेभाजीला अजिबात नको. न वापरलेला रस बाथरूमच्या मोरीत ओता. रस निघालाच नाही म्हणून घाबरू नका, कचरा कोरडा होता एवढाच त्याचा अर्थ.

गच्चीची_माती

गांडुळांना थेट नको. सामू ४ चा माल आणि वर स्वयंपाकातलं मीठ, गांडुळं एका कोपऱ्यात गोळा होतात किंवा डब्याबाहेर पडतात. टबात मातीबरोबर दोन-तीन आठवडे राहू दे, आंबट वास पूर्ण गेला की मग डब्याच्या एका बाजूला ओंजळभर. तीन-चार दिवसांनी गांडुळं तिथे शिरलेली दिसली तर वाढवा.

पालापाचोळा

एक वेगळा मुद्दा. सोसायटीत झाडं असतील आणि वाळलेली पानं मिळत असतील तर देठं-सालांसाठी बोकाशीची गरज नाही. भोकांच्या मडक्यात एक भाग ओलं, दोन भाग पानं असं आकारमानाने घालत गेलात की थेट खत होतं, मातीचा दुसरा टप्पा लागत नाही, कोंडा-गुळाचा खर्च नाही. बोकाशीला किलो कचऱ्यामागे ३०-४० ग्रॅम कोंडा लागतो, म्हणजे तुमच्या घरी महिन्याला किलोभराच्या आसपास. खर्च फार नाही, पण कोंडा करणं हे कायमचं काम मागे लागतं.

बोकाशी खरी उपयोगी आहे ती शिजवलेलं, मासळी, आणि जिथे पानं मिळत नाहीत अशा घरांना. दोन्ही वेगळं ठेवलं, म्हणजे कच्चं मडक्यात आणि शिजवलेलं बादलीत, तर बादली महिन्याने भरते.

माठाचा_नळ

@पालापाचोळा, पटतं, पण एक सावधगिरी. बादलीत फक्त शिजवलेलं आणि मासळी गेली तर मिश्रण फार जड, चिकट आणि प्रथिनांचं होतं. त्यात देठं-सालांचा निदान निम्मा वाटा हवा. जिवाणूंना लागणारी साखर तिथून येते, आणि थर मोकळाही राहतो. नुसता भात आणि मासे असतील तर कोंडा दुप्पट आणि वर चमचाभर किसलेला गूळ.

पावसाळ्यात काय होतं तेही सांगून ठेवतो. चिलटं बादलीत जन्मत नाहीत, केळ्याच्या आणि आंब्याच्या सालीवर अंडी बसूनच येतात. म्हणून दिवसभराचा डबा झाकलेला हवा. बादलीत अळ्या दिसल्या तर झाकणाची रबरी कडी तपासा. वरचा थर दाबून त्यावर कोंडा जाड पसरा, प्लास्टिक कडेपर्यंत नीट बसवा आणि चार दिवस उघडू नका. मोठ्या, राखाडी-तपकिरी अळ्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. माणसाला त्यांचा त्रास नाही, पण हवा आत जाते आहे याची ती खूण.

झाकण फुगलं तर यीस्टने गॅस केला आहे. एकदा कड उचलून सोडून द्या आणि परत दाबा. बिघाड नाही.

चौथा_मजला

शेवटचं विचारतो. बादली बिघडली हे नक्की कशावरून ओळखायचं, आणि बिघडलेली बादली बंद फ्लॅटमध्ये कशी निस्तरायची?

मुरघास

नाकाने. आंबूस, लोणच्याच्या खाराकडे झुकणारा, थोडा दारूसारखा वास असेल तर ठीक. खवट, ओकारीसारखा किंवा सडक्या अंड्याचा असेल तर बिघडली. डोळे चुरचुरले तर अमोनिया, म्हणजे सामू उतरलाच नाही. रंगावर जाऊ नका. चांगल्या बोकाशीत भाजी भाजीसारखीच दिसते, फक्त फिकट आणि मऊ पडलेली. 'दोन आठवडे झाले तरी काहीच झालं नाही' असं वाटतं, ते याचमुळे.

सामूचा कागद रसायनं विकणाऱ्या दुकानात मिळतो. मधल्या थरातला तुकडा चिरडून त्यावर लावा. ४.५ च्या खाली असेल तर निर्धास्त मातीत घाला. ५ च्या वर असेल तर मातीत घालायची घाई नको, कोंडा घालून अजून आठवडा द्या.

फक्त वरचा थर हिरवा-काळा असेल तर दोन-तीन सेंटिमीटर खरवडून काढा, दोन मुठी कोंडा, प्लास्टिक, वजन आणि वर आठवडा जास्त. तळाशी पाणी साचून खालूनच वास येत असेल तर कोरडं कोकोपीट आणि कोंडा दोन्ही घालून सगळं एकदा खालवर करा, दाबा, बंद करा. बादली अर्धीच भरली असेल तर हे बहुतेकदा साधतं.

सगळीच सडली असेल तर तिला परत आंबवत बसू नका. उघड्या हवेत कुजवा. सोसायटीच्या पानांच्या खड्ड्यात किंवा गच्चीवर गोणीत, सडलेल्या मालाच्या तिप्पट वाळलेली पानं आणि एक भाग माती मिसळून ठेवा. वरून हातभर पानं हवीत, नाहीतर माश्या बसतात. दोन दिवसांआड खालवर केलं की वास आठवड्यात ओसरतो. पानं मिळत नसतील तर कोरडं कोकोपीट किंवा सुताराकडचा लाकडाचा भुसा चालेल, पण प्लायवूड-एमडीएफचा भुसा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. बादली साबणाने धुऊन एक दिवस उन्हात उलटी ठेवा आणि पुढच्या वेळी पहिल्या दोन थरांना कोंडा दुप्पट.

गच्चीची_माती

याला एक जोड. नवीन बादलीची पहिली खेप साध्या मालाची ठेवा: देठं, सालं, पोळी, थोडा भात. मासळी दुसऱ्या खेपेपासून. घरच्या कोंड्याचा जोर पहिल्या बादलीत कळतो, आणि ती नीट आंबली तर पुढच्या वेळी काटे घालायला हरकत नाही. टबात कालवतानाही मासळीचा भाग मधोमध जाईल असं बघा, वरच्या पाच-सात सेंटिमीटर मातीत एकही काटा नको. चौथ्या मजल्यावर उंदीर येत नसले तरी कावळे आणि मांजरं गोणपाट ओढतात, त्यामुळे वर लोखंडी जाळीचा तुकडा ठेवून त्यावर वीट ठेवा.